राळेचे लुकण: दगडी पात्याला लाकडी मूठ बसवण्याची कृती, कोकणच्या हवेच्या हिशोबाने

काशीद, नागाव किंवा शिरोडा येथील किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पायाखाली सुयांसारखा पाचोळा पसरलेला असतो, त्यात छोटी, खरबरीत, शंकूसारखी फळे पडलेली असतात, आणि त्यामुळे हे झाड म्हणजे पाइनच असा पुष्कळांचा समज होतो. खोडावर कोयतीने घाव घालून राळ पाझरण्याची वाट पाहत बसलेले हौशी विद्यार्थी मी पाहिले आहेत. खरे सांगायचे तर सुरुवातीच्या काळात मीही तसा एक सबंध सकाळ बसलो होतो. सुरूला राळ नसते. ते मुळात फुले येणारे झाड आहे. आपण ज्यांना सुया समजतो त्या त्याच्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात आणि खरी पाने त्या डहाळ्यांच्या पेरांवर सूक्ष्म खवल्यांच्या रूपात चिकटलेली असतात. आपल्या देशात राळेसाठी ज्याचा उपयोग होतो तो पाइन म्हणजे चीड, आणि तो हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मूकडील डोंगरउतारांवर वाढतो. म्हणजे कोकणात बसून पाइनच्या राळेचा चिकटा करायचा तर राळ दुकानातूनच आणावी लागते. मेण, कोळसा, वाख आणि लाकूड या बाकीच्या सगळ्या वस्तू मात्र आपल्या परसात किंवा गावात मिळतात.

या चिकट्याला मी लुकण म्हणतो. दोन वस्तू सांधणारा किंवा भेग बुजवणारा घट्ट लेप, या अर्थाचा हा जुना मराठी शब्द येथे नेमका बसतो. डिंक, खळ आणि सरस हे आपल्या ओळखीचे चिकटे पाण्याला हार जाणारे आहेत: बाभळीचा किंवा काजूचा डिंक पाण्यात विरघळतो, पिठाची खळ बुरसते आणि कातड्या-हाडांपासून केलेला सरस आषाढातल्या दमट हवेनेच लिबलिबीत होतो. राळेवर पाण्याचा परिणाम होत नाही. कोकणात लाकडी होड्यांच्या फळ्यांमधील सांधे बुजवताना, म्हणजे कलाफत करताना, राळ व तेल यांचा लेप वापरण्याची रीत होती ती याच गुणामुळे.

दगडी पात्यांसाठी राळ वापरण्याची कल्पनाही फार जुनी आहे. मध्य इटलीतील फोसेलोने आणि सांतागोस्तिनो या गुहांमधील सुमारे ५५,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर सूचिपर्णी झाडांच्या राळेचे अवशेष सापडले आणि त्यांतील एका हत्यारावर राळेबरोबर मधमाशांचे मेणही आढळले. ती हत्यारे निअँडरथल माणसांची होती. राळ एकटी पुरत नाही, तिला मेणाची जोड लागते, हे त्यांना कळले होते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फातून मिळालेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या ‘उट्झी’ या माणसाच्या मृतदेहाजवळच्या तांब्याच्या कुऱ्हाडीचे पाते मात्र बर्च झाडाच्या डांबराने आणि चामड्याच्या पट्ट्यांनी दांड्याला बसवलेले होते. डांबर आणि राळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत: राळ झाडातून पाझरते, तर डांबर साल किंवा लाकूड हवेशिवाय तापवून काढावे लागते. आपण येथे डांबराच्या वाटेला जाणार नाही.

आपल्याकडे कणकवली तालुक्यातील कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि नखाएवढी दगडी पाती, ज्यांना अभ्यासक सूक्ष्मास्त्रे म्हणतात, ती कोकणच्या किनारपट्टीतही आढळली आहेत. एवढेसे पाते चिमटीत धरून काम होत नाही. त्याला लाकडाची किंवा हाडाची मूठ हवीच. येथे एक विनंती करून ठेवतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, किंवा कातळशिल्पांच्या आसपास असे पाते दिसले तर ते उचलू नये, त्याला मूठ तर मुळीच बसवू नये. ते जेथे पडले आहे ती जागा हाच त्याचा अर्धा इतिहास असतो. आपल्याला लागणारे पाते नदीपात्रातील गारगोटी किंवा अकीक फोडून मिळते. तेही जमत नसेल तर कालवाच्या जाड शिंपल्याला जांभ्यावर घासून धार काढावी. सरावासाठी ते पुरेसे आहे.

राळ कोणती घ्यावी

काष्ठौषधींच्या दुकानात ‘राळ’ मागितली की दोनपैकी एक वस्तू पुढ्यात येते. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील राळ ही साल वृक्षाची. पण आज बाजारात त्या नावाने पुष्कळदा चीडाचीच राळ विकली जाते. आपल्याला दुसरी हवी. तिचे खडे मधाच्या किंवा काकवीच्या रंगाचे व पारदर्शक असतात, काचेसारखे फुटतात, बोटांत चुरले तर किंचित चिकट भुकटी होते आणि तापवल्यावर टर्पेंटाईनचा ओळखीचा वास येतो. सालाची राळ जास्त मातकट दिसते आणि तिला धुपाचा वास असतो. तिचेही लुकण होते, पण ती वितळायला अधिक उष्णता लागते आणि पुढे दिलेली प्रमाणे तिला लागू पडणार नाहीत.

गंधाबिरोजा नावाने मिळणारा मऊ, चिकट, मळकट पदार्थ म्हणजे चीडाचा कच्चा स्राव. त्यात टर्पेंटाईन शिल्लक असते; ते उडवून दिले की जी घट्ट काचेसारखी वस्तू मागे उरते तीच राळ. कच्चा बिरोजा वापरता येतो, किंबहुना रानात राहणाऱ्या माणसाने तोच वापरला असणार, पण त्याला आधी शिजवावे लागते आणि त्या वेळी निघणारी वाफ ज्वालाग्राही असते. पहिल्या खेपेला तयार राळच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डिंक आणि राळ यांत शंका असेल तर एक खडा रात्रभर पाण्यात टाकून ठेवावा: डिंक फुगतो किंवा विरघळतो, राळ तशीच तळाशी बसून राहते.

कोकणातील आणखी दोन वस्तूंविषयी नेहमी विचारणा होते. फणसाचा चीक विलक्षण चिकट खरा, पण तो वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो आणि पाते हलते. काजूच्या टरफलांचे तेल होडीच्या लाकडाला लावतात म्हणून ते लुकणात घालावे असे काही जण सुचवतात. ते कच्चे तेल कातडीला लागले तर बिब्यासारखे उठते, आणि तापवताना त्याचा धूरही तितकाच वाईट. त्याच्या नादी लागू नये.

मेण, कोळसा, काव

मेण मधमाशांचेच हवे. सातेरीच्या किंवा आग्या माशांच्या पोळ्याचे मेण मिळाले तर पोळ्याचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात उकळावेत. मेण कापडातून बाहेर येऊन वर तरंगते, थंड झाल्यावर त्याची चकती काढून घेता येते आणि मळ पुरचुंडीत राहतो. डहाणू-जव्हारकडे तारपा करणारे कारागीर दुधीभोपळा आणि बांबूच्या नळ्या अशाच मेणाने सांधतात. मेणबत्तीचे मेण येथे चालत नाही. ते राळेशी एकजीव झाल्यासारखे दिसते, पण थंड झाल्यावर लुकण पापुद्र्यांनी सुटते. कोकमाचे मुठेल किंवा खोबरेल घातले तरी राळेचा ठिसूळपणा कमी होतो, परंतु चरबीने लुकण इतके मऊ पडते की चैत्र-वैशाखात ते वाहू लागेल. खोबरेल काम संपल्यावर हात आणि भांडी पुसण्यासाठी जवळ ठेवावे. साबणाने न निघणारी राळ तेलाने सहज निघते.

कोळसा करवंटीचा उत्तम. करवंट्या पूर्ण पेटून धूर निघायचा थांबला की वर मातीचे झाकण घालून विझवाव्यात. अर्धवट जळालेल्या करवंटीचा तपकिरी भाग वगळावा. कोळसा खलात कुटून वस्त्रगाळ करावा. या पायरीत आळस केला तर त्याची किंमत शेवटी मोजावी लागते, कारण कोळशाचा प्रत्येक जाड कण म्हणजे सांध्यातली एक कच्ची जागा असते. कोळशाचे काम केवळ रंग देण्याचे नाही. शुद्ध राळेत एक तडा गेला की तो काचेतल्यासारखा आरपार धावतो. बारीक कणांनी भरलेल्या राळेत तो जागोजागी अडतो. शिवाय कोळसा उन्हाने मऊ पडत नाही, त्यामुळे लुकणाला अंग येते. कोळशाऐवजी किंवा त्याच्याबरोबर काव, म्हणजे घराच्या भिंतींना लावतो ती लाल माती, वस्त्रगाळ करून वापरता येते. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेतील सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीच्या दगडी पात्यांवर झाडाच्या चिकाबरोबर अशाच लाल गेरूचे अवशेष मिळाले आहेत. मी निम्मा कोळसा आणि निम्मी काव घेतो; त्याने लुकण थोडे जड होते, पण घट्टही होते.

यांखेरीज धाग्यांचा बारीक चुरा लागतो. घायपाताचा वाख कात्रीने ३–४ मिलिमीटर लांबीचा कातरून घ्यावा. वाळलेल्या शेणातील तंतू चाळून घेतले तरी चालतात, आणि रानटी जीवनाचा अभ्यास करणारे लोक तेच पसंत करतात. शहरी वाचकाने वाखच घ्यावा.

प्रमाण

तीन-चार लहान हत्यारांना पुरेल एवढ्या लुकणासाठी १०० ग्रॅम राळ, १५ ग्रॅम मेण, २५ ग्रॅम कोळशाची (किंवा कोळसा व काव यांची मिळून) पूड आणि दोन चिमटी वाख घ्यावा. थंड प्रदेशांतील लोक सांगतात त्या कृतींमध्ये मेण याहून बरेच जास्त असते, कधी राळेच्या तिसऱ्या हिश्शाइतके, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: गोठवणाऱ्या थंडीत राळ टणकन तुटते, म्हणून तिला मऊ करावे लागते. कोकणात थंडी हा प्रश्नच नाही. राळ साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. दोन्ही मिसळली की मिश्रणाची मऊ पडण्याची मर्यादा आणखी खाली येते. जांभ्याचा सडा दुपारी अनवाणी पायाला चटके देतो, उन्हात उभ्या मोटारीच्या आतील पट्टी हात लावू देत नाही. अशा ठिकाणी तासभर विसरलेल्या हत्याराचे पाते कललेले मी एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे. म्हणून उन्हाळ्यात वापरायच्या हत्यारासाठी मेण १० ग्रॅमपर्यंत उतरवावे आणि पूड ३० ग्रॅमपर्यंत चढवावी. पावसाळ्यात व थंडीत १५ ते २० ग्रॅम मेण योग्य.

राळेत चुना घातला तर ती अधिक कडक होते व उशिरा मऊ पडते, हे खरे आहे, आणि शिंपल्यांचा चुना कोकणाला नवा नाही. परंतु चुना पडताच गरम राळ फसफसून वर येते. पाच-सहा वेळा साधे लुकण करून हात बसल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

वितळवणे

दशावतारात राक्षसाचा प्रवेश होतो तेव्हा मशालीवर राळेची पूड उडवतात आणि क्षणात माणसाएवढा भडका उठतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना राळ आणि उघडी ज्योत एकत्र का आणू नये, हे वेगळे समजावण्याची गरज नाही. राळ खड्यांच्या रूपात वितळवावी, पूड करून नव्हे. आणि ज्वाळेवर नव्हे, तर पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवावी. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे राळ जळण्याचा किंवा पेटण्याचा प्रसंग सहसा येत नाही. वेळ मात्र लागतो. माझ्या पहिल्या खेपेला मला तो धीर नव्हता. पडवीत तीन दगडांच्या चुलीवर थेट पत्र्याचा डबा ठेवला, वाऱ्याने ज्वाळ काठावरून आत गेली आणि डब्यातील सगळी राळ पेटली. शेजारी परात होती ती उपडी घातली म्हणून निभावले. वाशावरचा काजळीचा डाग अजून आहे. पेटलेल्या राळेवर पाणी टाकायचे नसते, ती उसळून चहूकडे उडते. डब्यावर नीट बसेल असे झाकण आणि एक पाटी कोरडी वाळू हाताशी असल्याशिवाय चूल पेटवू नये.

जागा उघडी हवी. तापलेल्या राळेचा धूर डोळ्यांना व छातीला त्रास देतो. झाळकाम करणाऱ्या कामगारांना राळेच्या धुराने दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. भांडे कायमचे बाद होणार, हे धरून चालावे आणि स्वयंपाकघरातील काहीही आणू नये. रंगाचा किंवा तेलाचा रिकामा, स्वच्छ धुऊन कोरडा केलेला पत्र्याचा डबा सर्वांत बरा.

मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी घेऊन तळाशी एक चपटा दगड ठेवावा आणि त्यावर राळेचा डबा ठेवावा, म्हणजे डब्याचा तळ पातेल्याच्या तळाला टेकणार नाही. डब्यात पाण्याचा थेंबही उडू देऊ नये. पाणी उकळू लागल्यावर खडे हळूहळू कडांनी गोल होतात, एकमेकांत मिसळतात आणि अर्ध्या तासात जाड मधासारखी राळ तयार होते. ती पाण्यासारखी पातळ होण्याची वाट पाहू नये. या उष्णतेला ती तशी होणारच नाही. आता मेणाचे तुकडे टाकावेत. मेण विरघळताच राळ एकदम सैल पडते आणि बांबूच्या काडीने ढवळता येते. राळेत सालीचे तुकडे, सुया किंवा माती असेल तर हीच वेळ गाळण्याची: जुन्या सुती कापडात ओतून, कापडाची दोन टोके दोन काठ्यांना गुंडाळून पिळावे. हाताने पिळण्याचा मोह आवरावा. राळ कातडीवर पडली तर ती ओढून काढू नये, तो भाग ताबडतोब गार पाण्यात धरावा. राळ थंड झाली की भाजणे थांबते, आणि ओढली तर कातडी बरोबर येते.

कच्चा बिरोजा घेतला असेल तर मेण घालण्याआधी तो याच रीतीने, घरापासून दूर, झाकण न ठेवता तास-दोन तास मंद शिजवावा आणि अधूनमधून एक थेंब गार पाण्यात टाकून पाहावा. थेंब बोटाला चिकटायचा थांबला आणि दाबल्यावर कटकन फुटला की टर्पेंटाईन पुरेसे उडाले.

मग पूड चार-पाच वेळा थोडी थोडी करून घालावी, प्रत्येक वेळी गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावे. पूड आधी उन्हात किंवा तव्यावर कोरडी केलेली असावी. दमट पुडीने फेस येतो आणि लुकणात बुडबुडे राहतात. सर्वांत शेवटी वाख पसरून टाकावा. एकदम टाकला तर त्याचा बोळा होतो आणि तो सुटा करणे जवळजवळ अशक्य असते.

परीक्षा

काडीच्या टोकावर थोडे लुकण घेऊन गार पाण्यात बुडवावे आणि पूर्ण निवाल्यावर त्यात अंगठ्याचे नख रोवावे. लुकण काचेसारखे उडाले तर मेण कमी आहे, दोन-तीन ग्रॅम वाढवावे. नख सहज रुतले आणि गोळी वाकली तर मेण जास्त आहे, पूड वाढवावी. नखाचा जेमतेम ओरखडा उमटतो आणि जोर लावल्यावरच तुकडा मोडतो, अशी अवस्था आपल्याला हवी. उन्हाळ्यासाठी लुकण करत असाल तर आणखी एक परीक्षा घ्यावी: गोळी भर दुपारी अंगणातल्या दगडावर तासभर ठेवावी. ती पसरली तर ते लुकण पावसाळ्यासाठी राखून ठेवावे.

तयार लुकण डब्यात ठेवले तर प्रत्येक वेळी सगळे तापवावे लागते, आणि वारंवार तापवल्याने ते अधिकाधिक ठिसूळ होत जाते. त्यापेक्षा बांबूच्या वीतभर काड्यांच्या टोकांवर, एक थर द्यावा, पाण्यात निववावा, पुन्हा बुडवावे, असे करत बोटभर जाडीच्या कांड्या कराव्यात. ओल्या हातांनी त्या वळल्या की गुळगुळीत होतात. एका खेपेला पाच-सहा कांड्या निघतात.

मूठ आणि पाते

नवशिक्याने वीतभर मुठीच्या सुरीपासून सुरुवात करावी. शिवणीचे लाकूड कोरायला मऊ आणि टिकायला चांगले. करवंदीची जाड फांदीही चालते. बांबू घ्यायचा असेल तर त्याची बाहेरची चकचकीत साल सांध्याच्या जागी खरवडून काढावी, कारण त्या गुळगुळीत अंगावर लुकण धरत नाही. लाकूड निदान महिना-दोन महिने सावलीत वाळलेले असावे. तरीही समुद्रकाठच्या हवेत ते कधीच खडखडीत कोरडे होत नाही, म्हणून लुकण लावण्याच्या लगेच आधी खाच निखाऱ्यांवर फिरवून हाताला चांगली गरम लागेपर्यंत शेकावी. ही पायरी मी वगळून पाहिली आहे: ओल्या लाकडातून वाफ सुटते, लुकणाखाली फुगे धरतात आणि पाते आठवड्यात मोकळे होते.

खाच पात्याच्या जाडीपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि ८ ते १० मिलिमीटर खोल असावी. लुकण पोकळी भरते, पण जितके लाकूड दगडाला भिडेल तितका सांधा बळकट. दाब सोसण्यात राळ चांगली, झटका आणि उचकटणे सोसण्यात ती वाईट. म्हणून काम करताना पात्यावर येणारा जोर खाचेच्या तळावर किंवा खांद्यावर जाऊन बसेल, अशी तिची रचना करावी. पात्याची खाचेत जाणारी कड आणि दोऱ्याखाली येणारे कोपरे जांभ्याच्या तुकड्यावर घासून बोथट करावेत. एरवी आपलेच पाते आपलाच दोरा कापते. दगड फोडताना आणि घासताना चष्मा लावावा व उघड्यावर बसावे, गारगोटीची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

पातेही कोमट करून घ्यावे, पण निखाऱ्यावर ठेवू नये. आतला ओलावा तापून अकीक तडकतो. गरम राखेत काही मिनिटे पुरले की पुरे. आता कांडी निखाऱ्यांच्या वर चार बोटांवर फिरवत धरावी. तिला चकाकी येऊन टोक झुकू लागले की लुकण खाचेत काठोकाठ भरावे, पाते लगेच आत दाबावे आणि वर आलेले लुकण ओल्या अंगठ्याने दोन्ही अंगांना चेपून बसवावे. अंगठा सतत पाण्यात बुडवत राहावा. कोरड्या अंगठ्याला लुकण चिकटते आणि चटकाही बसतो. पहिल्या प्रयत्नात पाते तिरके बसते. काही बिघडत नाही. पुन्हा शेकावे, सरळ करावे.

सुरीसाठी एवढे पुरते. मात्र भाल्याचे टोक, वाकस किंवा कुऱ्हाड यांसारख्या, घाव घालण्याच्या हत्याराला वरून दोऱ्याची बांधणी हवीच, आणि तेथे खरे काम बांधणी करते, लुकण फक्त हालचाल थांबवते. घायपाताचा वाख किंवा केवणीच्या सालीचा दोरा पाण्यात भिजवून, ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळावा. काथ्या जाड व खरखरीत असल्याने मोठ्या दांड्यालाच शोभतो. बांधणी पूर्ण वाळल्यावर, म्हणजे पावसाळ्यात दोन दिवसांनी, तिच्यावर लुकणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे दमट हवेने दोरा सैल होणार नाही. हे टोकदार प्रकार गवताच्या पेंढीवर नेम धरण्यापुरतेच ठेवावेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील शिकारीला मनाई आहे.

लुकण सुकावे लागत नाही, फक्त निवावे लागते. अर्ध्या तासात सुरी वापरता येते, तरी मी ती रात्रभर ठेवतो. तिने वाख कापावा, बांबूची सालपटे काढावीत, मासळीची खवले काढावीत. लाकडावर ठोकू नये, पिरगाळू नये. धुताना साधे थंड पाणी वापरावे. साबण, सोडा आणि राख यांच्या क्षाराने राळ हळूहळू विरघळते. धुण्याच्या साबणात राळ घालतात ती क्षाराशी तिचे असे जमते म्हणूनच.

पाते हलू लागले तर हत्यार टाकून देण्याचे कारण नाही. सांधा निखाऱ्यांवर फिरवून लुकण मऊ करावे, पाते बाहेर काढावे, तुटले असेल तर नवे घालावे, आणि खाचेतले जुने लुकण कांडीच्या थोड्या नव्या लुकणाने सैल करून तेच पुन्हा वापरावे. उरलेल्या कांड्या केळीच्या सुक्या पानात गुंडाळून शिंक्यावर किंवा माळ्यावर, पण कौलांपासून दूर ठेवाव्यात, कारण वैशाखात कौलांखालची हवा अंगणापेक्षा गरम असते. गणपती झाले की माझी सगळी हत्यारे मी एकदा खाली काढतो, मुठींवरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसतो आणि प्रत्येक सांधा निखाऱ्यांवरून एक फेर फिरवून ओल्या अंगठ्याने पुन्हा चेपून घेतो.